तिमोरासो एकट्या फायलोक्सेरामुळे गेली नाही

तिमोरासो ही इटलीतली पांढऱ्या वाइनची द्राक्षजात फायलोक्सेरा या किडीने संपवली, असं म्हटलं जातं; ते अर्धंच खरं. वेलींच्या मुळांचा रस शोषणाऱ्या त्या किडीने इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या तोर्तोनाच्या टेकड्यांवरचे मळे उजाड केले, कबूल. पण नव्याने लागवड करताना शेतकऱ्यांनी निवडली कोर्तेझे ही दुसरी पांढरी द्राक्षजात. का निवडू नये? तिमोरासोची फळधारणा बेभरवशाची, एकाच घडात टपोऱ्या मण्यांशेजारी हरभऱ्याएवढे खुरटे मणी, वर मणीगळ. कोर्तेझे मात्र दरसाल भरघोस देणार. पोटापाण्याचा हिशेब होता, दोष कुणाला द्यायचा! १९८०च्या दशकात तिथल्याच मोन्लेआले गावच्या वॉल्टर मास्सा या वाइन-उत्पादकाने तिमोरासोच्या उरल्यासुरल्या वेलींची द्राक्षं वेगळी काढून वाइन केली, तेव्हा कुठे शेजारीपाजारीही या जातीकडे वळले. तिमोरासोची बाटली मिळाली तर लगेच उघडू नका. पांढरी वाइन असूनही बाटलीत काही वर्षं मुरल्यावरच ती खुलते.