दुहेरी स्प्रिंग, स्टॉप रिंग आणि एकेरी स्प्रिंगचा वाद

खडकवाट
ऑफ-रोड गाडीच्या कॉइलओव्हरवर (शॉकभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते तो) दुहेरी स्प्रिंग, म्हणजे एकावर एक दोन स्प्रिंग, लावून गाडी नीट चालली नाही की लोक स्प्रिंगच बदलतात. माझ्या मते आधी स्टॉप रिंग तपासा, म्हणजे दोन स्प्रिंगांमधल्या सरकत्या कड्याला (स्लायडरला) ठरावीक जागी अडवणारी शॉकवरची रिंग. वरची स्प्रिंग २०० आणि खालची ३०० पाउंड प्रति इंच (१ इंच दाबायला लागणारा जोर) असेल, तर दोन्ही मिळून फक्त १२० भरतात. स्लायडर रिंगला टेकला की वरची बाद होते आणि थेट ३०० लागते. दगडांवर चाक मऊ चालतं, मोठ्या उडीत गाडी तळाला आपटत नाही. एकेरी स्प्रिंगकडून दोन्ही मिळणार नाही.

धूळमाती
नाही पटत. १२० वरून ३००, तेही एका क्षणात! मग शॉकचं व्हाल्व्हिंग (आतल्या तेलाचा अडथळा किती ठेवायचा ते) कशाला धरून करायचं? रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळताना शॉकने करायचा विरोध) १२० ला जुळवला तर ३०० ची स्प्रिंग गाडीला वर फेकते. ३०० ला जुळवला तर सलग खड्ड्यांत चाक वेळेत खाली येत नाही आणि गाडी बसत जाते. त्यापेक्षा एकेरी स्प्रिंग आणि शेवटच्या काही इंचांसाठी हायड्रॉलिक बंप स्टॉप (शेवटचा धक्का तेलाच्या दाबावर झेलणारा भाग) लावा.

खडकवाट
रिंग चुकीच्या जागी असली तर तो बदल नको तिथे होतो, म्हणून जास्त बोचतो. राइड हाइटला (गाडी नुसती उभी असतानाच्या उंचीला) स्लायडर आणि रिंगमध्ये ३ इंच ठेवले म्हणजे शॉक ३ इंच दबल्यावर क्रॉसओव्हर (१२० वरून ३०० वर जाणं), असं सर्रास धरलं जातं. पण वरच्या आकड्यांत शॉक १ इंच दबला तर स्लायडर ०.६ इंचच वर सरकतो. म्हणजे ते अंतर ५ इंचांवर संपतं. शिवाय वरच्या स्प्रिंगला वरून धरणारा नट १ इंच खाली घेऊन गाडी उचलली की स्लायडरही १ इंच खाली जातो आणि अंतर ४ होतं. म्हणून आधी उंची, मग रिंग.

सामानवाहक
रिंगची खालची कड बघा. स्लायडर टेकल्याच्या खुणाच नसतील तर रिंगवर क्रॉसओव्हर होतच नाहीये. वरची स्प्रिंग रिंगआधीच पूर्ण मिटत असेल तर रिंग नावापुरती उरते. आणि सामान भरलं की स्लायडर आधीच वर बसतो, त्यामुळे अंतर भरलेल्या गाडीवरच मोजा.

धूळमाती
अंतराचं गणित मान्य. पण रिंग कुठेही ठेवा, १२० आणि ३०० दोन्हींना एकच रिबाउंड पुरवावा लागतो, हा माझा मुद्दा तसाच आहे. दोन स्प्रिंगच लावायच्या तर वरची जरा कडक घ्या, दोन्ही टप्प्यांतला फरक कमी होईल.

खडकवाट
मग दगडांवरचा मऊपणा जातो, आणि त्यासाठीच तर मी दुहेरी लावतो. वेगाने पळवायची गाडी असेल तर मात्र तुमचं ऐकेन.