बाबांना डिमेन्शिया सांगितलाय पण मधले काही दिवस एकदम नॉर्मल असतात, मदत हवी आहे

रानजाई:
बाबा ७१. चार महिन्यांपूर्वी न्यूरोवाल्यांनी डिमेन्शिया सांगितला, डोनेपेझिल चालू केली. एमआरआयमध्ये वयामुळे मेंदू थोडा आकसलाय एवढंच. मला कळत नाहीये ते हे की रोज सारखे नसतात, सोमवारी अख्खं शब्दकोडं सोडवतात आणि बुधवारी शर्ट उलटा घालून बसतात, मला आत्याच्या नावाने हाक मारतात. रात्रभर जागे, दिवसभर डुलक्या. आई पार थकलीये. याच्यावर दुसरं औषध आहे का? प्लीज लवकर सांगा.

घाटमाथा:
बी१२ केलं का? माझ्या काकांचं शंभरच्या खाली होतं, इंजेक्शनं झाल्यावर माणूस परत दुकानाचा हिशेब बघायला लागला.

रानजाई:
बी१२, थायरॉइड सगळं झालंय, नॉर्मल आहे. मेटफॉर्मिन घेतात म्हणून आधीच केलं.

चिंचपाणी:
म्हणजे शुगर आहे? आधी का नाही लिहिलं ताई. अजून कुठल्या गोळ्या? पोट साफ होतं का?

रानजाई:
पोटाचा काय संबंध? तीन-चार दिवस होत नाही कधीकधी, म्हातारपणी सगळ्यांचंच असतं. शुगर वीस वर्षं. पायाला सूज म्हणून लघवीची गोळी, झोपत नाहीत म्हणून झोपेची अर्धी. फॅटी लिव्हर आहे, पण ते आजकाल कुणाला नसतं.

सांजवात:
रोज सकाळी दोन चमचे खोबरेल तेल द्या, मेंदूला ताकद येते म्हणतात. आमच्याकडे सासूबाईंना फरक पडला.

चिंचपाणी:
तेल राहू द्या. ताई, माझ्या आईला दीड वर्ष डिमेन्शिया म्हणूनच औषधं चालू होती आणि निघालं लिव्हर. आतड्यातले जंतू अमोनिया करतात, चांगलं लिव्हर त्याचा युरिया करून टाकतं, लिव्हर कडक झालं की रक्त त्याला वळसा घालून जातं आणि अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोचतो. पोट तुंबलं की जास्त. झोपेची गोळी, लघवीच्या गोळीने पाणी-मीठ कमी होणं, इन्फेक्शन, या सगळ्याने वाढतं. रात्री जागं आणि दिवसा झोप, असं चक्र उलटं होणं हे तर आईचं पहिलं लक्षण होतं. बाबांना हात पुढे करून पंजे वर धरायला सांगा, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे, पंजे फडफडतात का बघा.

निवांत:
बाबा घेतात का? लिव्हर म्हटलं की आधी ते विचारायला हवं.

रानजाई:
माझ्या बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, कृपया असलं विचारू नका.

चिंचपाणी:
आईनेही नव्हता लावला. शुगर आणि वजनानेही सिरॉसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक होतं. रक्ताच्या रिपोर्टमधले लिव्हरचे एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट द्या.

रानजाई:
५८, ४१, प्लेटलेट ९२ हजार. प्लेटलेट डेंग्यूमुळे असतील म्हणाले होते, दोन वर्षं झाली त्याला.

पैलतीर:
वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारात गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). याला फिब-४ म्हणतात, लिव्हर किती कडक झालंय त्याचा अंदाज. बाबांचा ७ येतोय! २.६७ च्या वर गेला की लिव्हर तपासायला सांगतात. मी व्हर्जिनियात असते, इथल्याच डॉ. बजाज यांच्या टीमने अमेरिकेतल्या डिमेन्शिया असलेल्या १ लाख ७७ हजार माजी सैनिकांची रेकॉर्ड बघितली, सिरॉसिसचं निदान कुणाचंच नव्हतं तरी १०.३ टक्क्यांचा फिब-४ त्या रेषेच्या वर होता. २०२४ मध्ये आलंय.

घाटमाथा:
पासष्टीनंतर फिब-४ तसाही वर दिसतो, उगाच घाबरवू नका. चढउतार लेवी बॉडी डिमेन्शियातही असतात.

पैलतीर:
वयाचं मान्य, पण ७? आणि लेवी बॉडीने प्लेटलेट कमी होत नाहीत, लिव्हर कडक झालं की प्लीहा मोठी होऊन होतात. लिव्हर किती कडक आहे ते बघणारा फायब्रोस्कॅन करायला काय हरकत आहे?

निवांत:
मी सांगतो, आत्ताच बँकेची कामं आणि मृत्युपत्र करून घ्या, नंतर सही चालत नाही.

रानजाई:
ते विचारलंच नाहीये मी. जुना सोनोग्राफी रिपोर्ट काढला, खाली 'प्लीहा मोठी' लिहिलंय, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि आत्ता हात धरायला लावले, पंजे खाली पडतायत, परत वर करतात, परत पडतात. आई रडायला लागली. उद्या सकाळची पोटविकारवाल्यांची अपॉइंटमेंट मिळालीये. तोवर अमोनियाची टेस्ट करून ठेवू का? डाळ-दूध बंद करू ना?

चिंचपाणी:
डाळ-दूध अजिबात बंद करू नका! पूर्वी करायचे, आता उलट सांगतात, स्नायू झडले की अजून वाईट, कारण स्नायूही अमोनिया ओढून घेतात. रात्री झोपताना काहीतरी खायला द्या. अमोनियाचं सॅम्पल बर्फात ठेवून लगेच लावावं लागतं नाहीतर आकडा चुकतो, ते डॉक्टरांवर सोडा. झोपेच्या गोळीचं आजच फोन करून विचारा, बाकी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आईला लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ करणारं सिरप दिलं, दिवसाला दोन-तीनदा मऊ संडास होईल एवढं, मग रिफाक्सिमिन, आतड्यातल्या जंतूंवरची अँटिबायोटिक. आठवड्याभरात तिने मला नावाने हाक मारली. पण काळी संडास झाली किंवा उठवून उठेनात तर उद्याची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी.

रानजाई:
फोन केला, गोळी आज देऊ नका म्हणाले. लॅक्टुलोज गोड असतं ना, शुगर वाढेल का?

चिंचपाणी:
ते न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातं. पण सिरपमध्ये थोडी दुसरी साखर असते, आईची आम्ही पहिले काही दिवस रोज तपासायचो. उद्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि तो सोनोग्राफी रिपोर्ट पिशवीत घाला. आणि काय म्हणाले ते लिहा इथे, मी बघत राहीन.