धोरणाच्या आदल्या दिवशी ऑप्शन घेऊन ठेवावा का?

दांडियाबाजारकर, बडोदा
माझं मत स्पष्ट आहे. महागाईसारखा मोठा आकडा किंवा रिझर्व्ह बँकेचं धोरण यायच्या आदल्या दिवशी ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क, विकत घेऊन ठेवू नये.

7 फेब्रुवारी 2025 ला रेपो दर पाव टक्क्याने घटून 6.25 झाला, जवळपास पाच वर्षांतली पहिली कपात. माझा अंदाज अचूक होता. आदल्या दुपारी निफ्टीच्या 23,700 च्या कॉलचे (बाजार चढला तर फायदा देणारा ऑप्शन) दोन लॉट, म्हणजे गठ्ठे, 142 ला घेतले होते. सकाळी 10 ला भाषण सुरू झालं, कपात ऐकली आणि मी आनंदाने बायकोला हाक मारली. ती हात पुसत बाहेर येईपर्यंत प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, उतरायला लागला होता. दुपारी 88 ला विकून मोकळा झालो. 8,100 रुपये गेले. कपात भावात आधीच धरलेली होती. शिवाय घोषणेपर्यंतच्या अनिश्चिततेचे पैसे आपण प्रीमियममध्ये मोजतो, घोषणा झाली की ते उडून जातात. निफ्टी त्या दिवशी थोडा खालीच बंद झाला.

अलकापुरी_एफअँडओ
काका, एका दिवसावरून नियम काढू नका. 6 जून 2025 ला बहुतेकांनी पाव टक्का धरला होता, आला अर्धा, वर सीआरआरमध्ये (बँकांनी रिझर्व्ह बँकेत ठेवायची सक्तीची रोकड) एक टक्का कपात जाहीर. निफ्टी 25,000 च्या वर बंद झाला, बँक निफ्टीने उच्चांक गाठला. माझ्याकडे एक कॉल होता. मी एकच लॉट घेतो, तेवढे पैसे गेलेच असं धरून.

रावपुरा
प्रीमियम महाग आहे हे काकांना मान्य आहे ना? मग विकायचा. धोरणाच्या आदल्या दिवशी मी चढण्याचे आणि पडण्याचे, दोन्हीकडचे लांबच्या भावांचे ऑप्शन विकतो, म्हणजे निफ्टी तिथवर गेला नाही की प्रीमियम माझा. दहातल्या सात-आठ वेळा पैसे माझे.

दांडियाबाजारकर, बडोदा
अलकापुरी, एक लॉट पाळणारे थोडेच. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफअँडओतल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला. एकूण 1.8 लाख कोटींच्या वर.

रावपुरा, उरलेल्या दोन-तीन वेळांचं काय? 3 जून 2024 ला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 3 टक्क्यांहून जास्त चढला. आमच्या वाड्यातल्या एकाने त्या दुपारी पुट (बाजार पडला तर घेणाऱ्याला फायदा देणारे ऑप्शन) विकले. दुसऱ्या दिवशी मतमोजणी, निफ्टी जवळपास 6 टक्के खाली. मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ब्रोकरकडे ठेवायचे पैसे, भरायला त्याने घरातलं सोनं गहाण टाकलं. तुम्ही आणखी खालच्या भावाचा पुट विकत घेऊन तोट्याची बाजू झाकता का?

मकरपुरा_जीआयडीसी
तुम्ही सगळे अंदाजावर बोलताय. माझ्या वर्कशॉपला मशीनचे सुटे भाग बाहेरून येतात. 40,000 डॉलरचं पेमेंट असेल आणि रुपया 50 पैशांनी घसरला, तर 20,000 रुपये माझ्या खिशातून. अमेरिकेच्या महागाईचा आकडा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी 6 ला येतो, हिवाळ्यात 7 ला. मी त्याआधीच बँकेत फॉरवर्ड (पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच ठरवणारा करार) बुक करते. नंतर रुपया सुधारला तरी हळहळत नाही, मला माझा भाव आधी कळलेला असतो. त्यामुळे आकड्याआधी काहीच करू नये, हे मला पटत नाही.

आणि रुपयाचा सट्टा करणाऱ्यांनी लक्षात घ्या, 3 मे 2024 पासून एक्स्चेंजवर रुपयाचा सौदा करायचा तर मागे खरं देणंघेणं असावं लागतं. माझा भाचा मग परदेशी ॲपवर युरो-डॉलर करायला लागला. रिझर्व्ह बँकेची अशा ॲपांची सावधान-यादी आहे, ती त्याच्यासमोर उघडून ठेवली तेव्हा थांबला.

दांडियाबाजारकर, बडोदा
ताई, तुमचं मान्य. देणं डोक्यावर आहे म्हणून तुम्ही सौदा करता. मी फक्त ऑप्शन विकत घेण्याबद्दल बोलतोय. रावपुरा, उत्तर राहिलं.

रावपुरा
झाकतो. 4 जूननंतर. त्याआधी नव्हतो झाकत.