मदत हवी आहे: भंगारातलं पुष्पक विमान घ्यायचंय, पण बाबांची शिवण कशी वाचवू?

नमस्कार मंडळी,

गोकुळ शिरगावात एका शेडमागे पुष्पक नावाचं जुनं छोटं विमान कित्येक वर्षं पडून आहे. पंख सोडवून भिंतीला टेकवलेत, सांगाड्यात घाणेरी माजलीय. मालकांना विचारलं तर म्हणाले, "न्या की, भंगारच हाय ते." दोन लाख सांगतायत. मला ते घ्यायचंच आहे.

माझे बाबा तरुणपणी एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये कामाला होते. पुष्पकचे पंख कापडाचे. कापड आतल्या फासळ्यांना दोऱ्यानं शिवायचं आणि वरून डोपचे, म्हणजे लाखेसारख्या पातळ लेपाचे, हात द्यायचे. डोप वाळता वाळता कापड आवळतं आणि ढोलकीसारखं ताठ होतं. ही शिवण बाबांकडे असायची. घरी आले की त्यांच्या कपड्यांना पिकल्या केळ्यासारखा वास यायचा, तो डोपचा. गेल्या महिन्यात त्यांना शेडवर नेलं. आता दिसतं कमी, पण डाव्या पंखावरून हात फिरवत गेले आणि मध्येच थांबले. "ही गाठ माझी." दर तीन बोटांवर एक गाठ, सगळ्या एका ओळीत. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

पुष्पक पहिल्यांदा उडालं १९५८ साली, बेंगळुरूत. दोघांनी शेजारी बसायचं, इंजिन ९० अश्वशक्तीचं. ज्यांच्या हाताखाली ते घडलं ते डॉ. वि. मा. घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. म्हणून वाटतं, हे विमान कोल्हापुरात किलोवर जाऊ नये.

उडवायचं नाहीय. नीट उभं करायचं आणि बाबांच्या कानावर एकदा इंजिनाचा आवाज पडू द्यायचा, एवढंच. उद्यमनगरात माझं लेथचं काम आहे, त्यामुळे बुश, पिना, ब्रॅकेट मी करीन. लॉगबुक मात्र नाही, शेपटीवरचा नोंदणी क्रमांकही अर्धा उडालाय. पैसे देण्याआधी काय बघू?

आणि खरी अडचण ही: कापड इतकं कुजलंय की बोट आत जातं. नवं चढवायचं तर जुनं उतरवावं लागणार, म्हणजे बाबांची शिवणही जाणार. त्यांना हे अजून बोललो नाही.

प्रतिसाद

दादा, आधी मालकांकडे ते कसं आलं ते विचारा. त्यांच्याकडे खरेदीचा कागद नसेल तर व्यवहार करू नका. सांगाड्यावर निर्मात्याची पट्टी असेल तर तिचा फोटो काढा, ती कुणाला काढू देऊ नका. मग शेपटीकडच्या खालच्या स्टीलच्या नळ्या बघा. हे विमान शेपटीवर बसतं, त्यामुळे पाणी तिकडे उतरतं आणि नळी आतून गंजते. वरचा रंग शाबूत दिसला तरी टोच्यानं ठोकून बघा.

इंजिनापुढचा पंखा सहज म्हणूनसुद्धा हातानं फिरवू नका, इंजिन एकदम चालू होऊ शकतं. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विचची वायर तुटलेली असली तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. जुना डोप भडकन पेटतो, तेव्हा कापड असेपर्यंत जवळ ग्राइंडर नको, वेल्डिंग नको.

शिवणीचं म्हणाल तर त्या फासळीच्या दोन्ही बाजूंनी वीतभर कापड सोडून कापा. खालच्या-वरच्या कापडातला दोरा आत जिथं दिसेल तिथं मधोमध तोडा, म्हणजे गाठी जशाच्या तशा राहतील. तुकडा काचेत ठेवा. पण त्याआधी वडिलांना विचारा. कापड बदलायचंच असतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री जेवताना विचारलं. बाबा म्हणाले, "अरे, कापड काय जन्माचं असतंय? फाड आणि नवीन आण. गाठ मी दाखवतो, डोळे लागत नाहीत त्याला." तुकडा ठेवायलाही हो म्हणाले. मालकांनी जुनी पावती शोधतो म्हणून सांगितलंय, रविवारी टोच्या घेऊन जातोय.

आता दोरा. बाबांना मेण लावलेला लिननचाच हवाय, नायलॉन नको म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे कुठं मिळेल?