अनुभव धागा: अमेरिकेतल्या निवडणुकीने तुमच्या नात्यांचं काय केलं?

२०२४ ची दिवाळी ऐन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर आली होती, आठवतंय ना? लक्ष्मीपूजन झालं आणि पुढच्या मंगळवारी, ५ नोव्हेंबरला मतदान. आम्ही पेनसिल्व्हेनियात बक्स काउंटीत राहतो, राष्ट्राध्यक्ष निवडताना ज्याची १९ मतं (इलेक्टोरल मतं) धरली जातात असं राज्य, आणि त्यातही ही काउंटी अटीतटीची, त्यामुळे रोज मेलबॉक्समध्ये चकचकीत पत्रकांचा गठ्ठा, टीव्ही लावला की एका जाहिरातीत समोरचा देश बुडवणार आणि लगेच दुसरीत समोरचा लोकशाही संपवणार. दिवाळीआधीच्या रविवारी न्यूयॉर्कला ट्रम्पच्या सभेत एका कॉमेडियनने प्वेर्तो रिकोला, म्हणजे अमेरिकेच्याच ताब्यातल्या बेटाला, कचऱ्याचं तरंगतं बेट म्हटलं. मंगळवारी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन त्यावर बोलताना असं काही बोलले की ट्रम्पचे समर्थकच कचरा असा अर्थ निघाला, मग त्यांनी खुलासा केला, पण बुधवारी ट्रम्प कचऱ्याच्या ट्रकमध्ये जाऊन बसलेसुद्धा. आणि शुक्रवारी तो शब्द आमच्या घरी फराळाला आला.

आमचं आणि एका मैत्रिणीच्या घराचं १४ वर्षांचं येणंजाणं. तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मी करून दिले होते. तिचा नवरा ट्रम्पला मत देणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यावर थट्टाही चालायची. त्या दिवशी एक पाहुणे बोलता बोलता म्हणाले, खरं तर बायडन काही चुकीचं बोलले नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही कचरा का?" आणि कोणीच काही बोललं नाही. घर माझं होतं, "अगं नाही, असं कसं" एवढं मी म्हणायला हवं होतं, पण मी चकलीची ताटली उचलून आत गेले. त्यानंतर ते लोक आमच्याकडे आलेले नाहीत.

म्हणून हा धागा काढतेय. कोण बरोबर कोण चूक, कोणाला मत द्यायचं हे इथे नको, त्याला बाकी जागा पुष्कळ आहेत. तुमच्या घरात, ऑफिसात, मंडळात काय झालं तेवढंच लिहा, पण खरं लिहा.

*

डेटन, ओहायो

आमच्यापासून स्प्रिंगफिल्ड अर्ध्या तासावर आहे. १० सप्टेंबरला कमला हॅरिसबरोबरच्या डिबेटमध्ये ट्रम्प म्हणाले की तिथले हैतीहून आलेले लोक कुत्री-मांजरं खातात. स्प्रिंगफिल्डमध्ये माझी सहकारी राहते, तिला मी दुसऱ्या दिवशी फोन केला तर ती रडत होती, आणि ती स्वतः रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्पच्याच पक्षाची आहे हो, आयुष्यभर. त्यानंतर गावात बॉम्बच्या धमक्या सुरू झाल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. गव्हर्नर माइक डिवाइन, तेही रिपब्लिकन आणि स्प्रिंगफिल्डमध्येच जन्मलेले, त्यांनी स्पष्ट सांगितलं की ह्याला काही पुरावा नाही, आणि शाळांची तपासणी करायला राज्याचे पोलिस पाठवले. पण तोपर्यंत ती गोष्ट सगळीकडे पोचली होती.

माझी मुलगी चौथीत. एका मुलाने तिला विचारलं, तुम्ही लोक पण खाता का? तिने घरी येऊन मला अगदी साधेपणाने विचारलं, "आई, आपण काय खातो हे त्यांना कसं सांगू?" मी काय सांगणार, मी तिला म्हटलं उद्या डब्यात पुरणपोळी देते, वाटून खा. दिली. आवडलीही मुलांना. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. इथे अजून एक लिहायलाच हवं, आमच्या मराठी ग्रुपवर त्या आठवड्यात मांजरांचे मीम फिरत होते आणि आपलेच लोक हसत होते, कारण विषय हैतीच्या लोकांचा होता, आपला नव्हता. माझ्या मुलीला प्रश्न विचारणाऱ्या पोराला ह्यातला फरक माहीत नव्हता.

*

ग्रीनकार्डवाला, टेक्सस

मी नागरिक नाही, मला मत देता येत नाही, तरी दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या. एक शेजारी म्हणे तुझ्यासारख्यांनी लढलं पाहिजे, दुसरा म्हणे तुझ्यासारखेच गुपचूप मतं टाकतात. अरे बाबांनो, मी मत टाकलं तर गुन्हा आहे, देशाबाहेर जावं लागेल. वोटर रजिस्ट्रेशनचा फॉर्म घेऊन दारात आलेल्या मुलालासुद्धा मीच समजावून परत पाठवलं.

*

एक बाबा, नॉर्थ कॅरोलायना

मी ट्रम्पला मत दिलं. इथे लिहायला संकोच वाटतोय पण धागाकर्तीने खरं लिहा म्हटलंय. मी ११ वर्षं एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर काढली, रांगेत उभा राहून कायद्याने नागरिक झालो, आणि सीमेवरची परिस्थिती बघून मला जे वाटलं त्याप्रमाणे मत दिलं. माझा मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजात. त्याने मेसेज केला की तुम्ही रेसिस्ट माणसाला मत दिलंत म्हणजे तुम्हीही तेच, मी थँक्सगिव्हिंगला येणार नाही. मीही रागाच्या भरात लिहिलं, तुझी फी कोण भरतं? लिहायला नको होतं. बायको मधल्यामध्ये. २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, आम्ही दोघंच जेवलो, त्याच्या आवडीची बटाट्याची भाजी केली होती, ती तशीच राहिली.

मग डिसेंबर. भारतीय वंशाच्या श्रीराम कृष्णन यांना ट्रम्पनी एआयचे सल्लागार म्हणून नेमलं आणि नाताळच्या आठवड्यात एक्सवर एच-वन-बीवरून भडका उडाला. ट्रम्पचेच साथीदार इलॉन मस्क आणि विवेक रामास्वामी व्हिसाच्या बाजूने, आणि दुसऱ्या बाजूला माझ्याच बाजूचे म्हणवणारे लोक, आणि ते भारतीयांबद्दल जे लिहीत होते ते मला इथे लिहवत नाही. आमचा वास, आमचे देव, आमचा देश. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसायचो. ज्यांना मी आपले समजत होतो त्यांच्या लेखी मी कोण होतो, हे बघत.

मुलाचा फोन आला. आईने सांगितलं असणार. मला वाटलं आता हा म्हणणार, बघा, सांगितलं होतं ना. तो म्हणाला, "बाबा, ते वाचू नका. झोपा." एवढंच. मी माझं मत बदललेलं नाही, त्याने त्याचं बदललेलं नाही. तो मार्चमध्ये आला, आठवडाभर राहिला. राजकारणावर अजून बोलत नाही आम्ही, जमत नाही.

*

एडिसनची सूनबाई

माझे सासरे तेव्हा नाशिकहून आलेले होते. इथली निवडणूक ५ ला, महाराष्ट्रात विधानसभेची २० ला, त्यामुळे सकाळी मराठी चॅनल आणि रात्री इथलं. त्यांना एकच गोष्ट समजेना की इथे शेजारी-शेजारी राहणारे लोक आधी अंगणात उमेदवारांच्या पाट्या लावतात आणि मग बोलणं बंद करतात. म्हणाले, आमच्याकडे भाऊबंदकी आहे, गट आहेत, हाणामाऱ्यासुद्धा होतात, पण सकाळी चहाच्या टपरीवर समोरासमोर यावंच लागतं, इथे तुम्हाला कोणाच्या समोर यावंच लागत नाही, गाडी गॅरेजमध्ये घालता आणि दार लावून घेता. मला हे पटलं.

*

मिशिगन

२०२२ मध्ये डेट्रॉइटमधून श्री ठाणेदार अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून आले तेव्हा माझी आत्या बेळगावहून फोनवर आनंदाने ओरडत होती, बेळगावचा मुलगा! पक्ष कोणता हे तिने विचारलं पण नाही. इकडे आमच्या ग्रुपवर मात्र अभिनंदनाच्या मेसेजखाली १० मिनिटांत भांडण सुरू, "आपला माणूस" की "त्यांचा माणूस". ॲडमिनने ग्रुप दोन दिवस बंद ठेवला.

*

पोल वर्कर, लिहाय काउंटी, पेनसिल्व्हेनिया

मी २०२० पासून मतदान केंद्रावर काम करतो. हे जरा सविस्तर लिहितो कारण आपल्या लोकांना माहीत नसतं. आमच्याकडे प्रत्येक केंद्रावर एक जज ऑफ इलेक्शन्स आणि दोन इन्स्पेक्टर असतात, आणि हे तिघंही निवडून येतात. इन्स्पेक्टरच्या निवडणुकीत पहिला आलेला मेजॉरिटी इन्स्पेक्टर आणि दुसरा आलेला मायनॉरिटी इन्स्पेक्टर, म्हणजे सहसा एक ह्या पक्षाचा आणि एक त्या. कायद्यानेच दोन्ही पक्ष एका टेबलावर बसवलेत. सकाळी ७ ला दार उघडायचं, रात्री ८ ला बंद. मग मशीनमधून निकालाची पट्टी निघते, ती दोघंही बघतात, सह्या होतात, एक प्रत दारावर लावतात. येणारा-जाणारा कोणीही वाचू शकतो.

२०२० ला पोस्टाने आलेली मतं खूप होती, आणि आमच्या राज्यात ती पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडताच येत नाहीत. त्यामुळे रात्री ट्रम्प पुढे दिसत होते आणि जसजशी पाकिटं मोजली तसे बायडन पुढे गेले, शनिवारी चॅनलवाल्यांनी बायडन जिंकल्याचं जाहीर केलं. हे असंच होणार हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. पण माझा शेजारी, ज्याने बर्फ पडला की न सांगता माझा ड्राइव्हवे साफ केलाय, तो मला म्हणाला, "यू पीपल स्टोल इट." म्हणजे तुम्ही लोकांनी निवडणूक चोरली. मला तो शब्द 'पीपल' लागला. मी त्याला म्हटलं, मी तिथे होतो, ये मी दाखवतो. तो आला नाही.

आमच्या टेबलावरची दुसरी बाई रिपब्लिकन, ७० च्या पुढची, शाळेतून रिटायर झालेली. २०२४ ला कोणीतरी तिच्यावर ओरडला की तू विकली गेलीस. तिचाच पक्षवाला. तिचे हात थरथरत होते, मी थर्मासमधला चहा ओतून दिला, आलं घातलेला, तिने पहिल्यांदाच प्यायला. मग उठून पुढच्या मतदाराचं नाव शोधायला लागली. मी तिला कधी विचारलं नाही कोणाला मत दिलं, तिनेही नाही.

*

मिनेसोटा

ब्रेव्हर एंजल्स म्हणून संस्था आहे, २०१६ च्या निवडणुकीनंतर ओहायोत सुरू झालेली, तिच्या वर्कशॉपला मी गेले होते. रेड (रिपब्लिकन) आणि ब्लू (डेमोक्रॅट) जवळपास सारख्या संख्येने असतात. पहिला प्रकारच अवघड, समोरचे आपल्याबद्दल काय काय समजतात ते आपणच लिहायचं, मग त्यात चूक काय ते, आणि मग त्यात थोडं खरं काय आहे तेही सगळ्यांसमोर वाचायचं. आमच्या ब्लू गटाने लिहिलं, ते आपल्याला गर्विष्ठ समजतात. खरं काय ह्या रकान्यापाशी आम्ही सगळे गप्प. मला माझ्या मावसभावाची आठवण आली, तो ट्रक कंपनीत काम करतो आणि मी त्याचे मेसेज न वाचता डिलीट करायचे. समोरच्या गटातल्या एका माणसाने पण सांगितलं की तो त्याच्या बहिणीशी तसाच वागतो. मत कोणाचं बदललं नाही तिथे. भावाला मात्र मी फोन केला.

*

डेटन, ओहायो

पोल वर्कर दादा, हे काम कोणालाही करता येतं का? माझा मोठा मुलगा आता १७ चा आहे आणि सारखा मोबाईलवर ह्याच सगळ्या क्लिप्स बघत असतो.

पोल वर्कर, लिहाय काउंटी

ताई, आमच्याकडे १७ वर्षांची हायस्कूलची मुलं घेतात, पालकांची आणि प्रिन्सिपलची परवानगी लागते. ओहायोतही हायस्कूलच्या मुलांना घेतात, पण नियम तुमच्या काउंटीच्या बोर्ड ऑफ इलेक्शन्सलाच विचारा. ट्रेनिंग देतात, पैसेही मिळतात. मोठ्या निवडणुकीची वाट बघू नका, एखाद्या छोट्या लोकल निवडणुकीला पाठवा, गर्दी नसते, शिकवायला लोकांना वेळ असतो. आणि पहाटे लवकर पोचावं लागतं, डबा भरपूर द्या, दिवसभर बाहेर पडता येत नाही.