प्रतिसाद: यूट्यूबवरून गिटार
‘गिटार शिकायला यूट्यूब पुरे’ हे वरचं मत कॉर्डपुरतं (म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीपुरतं) मान्य. सोळाव्या वर्षी स्वस्तातल्या गिटारवर एफचा बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा कॉर्ड, दाबताना माझी बोटं सोलायची. तेव्हा असा व्हिडिओ मिळता तर बरंच झालं असतं! पण वाजवणं कळलं मुंबईत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात, १९८६ला सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या रॉक संगीत महोत्सवात. सोलो संपवताना गिटारवाला ड्रमरकडे कसा बघतो, वाजवता वाजवता करंगळीने व्हॉल्यूम कसा कमी करतो, हे कॅमेऱ्यात सहसा येत नाही. पुढे आसपासच्या रुग्णालयं-कॉलेजांमुळे शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि रंगभवन गप्प झालं. नियम चूक नव्हता, पण तशी खुली, खिशाला परवडणारी जागा दक्षिण मुंबईत मला तरी पुन्हा सापडली नाही. हल्ली गिटार भाचीकडे असते. मैफल मात्र, रॉकची असो वा सवाईची, मी चुकवत नाही.