चाचण्या नापास होऊनही कंटेनरचा एक्झिट कोड ० का येतो?

प्रश्न

नमस्कार. आमच्या चाचण्या डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामसाठीच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात, चालतात. ‘डॉकर रन’ संपल्यावर बाहेरची बॅश स्क्रिप्ट एक्झिट कोड (संपताना कमांड देते तो आकडा, ० म्हणजे यशस्वी) पाहते आणि तो ० नसेल तर पुढचे काम थांबवते. काल लॉगमध्ये ३ चाचण्या नापास झाल्याचे स्पष्ट दिसत असूनही कोड ० आला आणि सदोष इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) पुढे गेली. आतली कमांड आम्ही ‘एसएच’ या शेलमार्फत (कमांडा चालवणारा प्रोग्राम) चालवतो आणि तिचे आउटपुट फाइलमध्येही साठावे म्हणून पाइपने ‘टी’कडे (आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे देणारी कमांड) देतो. कंटेनरमधून बाहेर येताना कोड हरवतो का?

उत्तर १

नाही. डॉकर आतल्या मुख्य प्रोसेसचा, म्हणजे पीआयडी १ चा, कोड जसाच्या तसा बाहेर देतो. तुमच्याकडे ती प्रोसेस शेल आहे, आणि पाइपने जोडलेल्या कमांडांपैकी शेवटच्या कमांडचाच कोड शेल ग्राह्य धरतो. ‘टी’ने फाइल व्यवस्थित लिहिली, म्हणून ० आला. आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा, म्हणजे पाइपमधली एखादी आधीची कमांड नापास झाली तरी कोड ० येणार नाही. मात्र डेबियनच्या इमेजमध्ये ‘एसएच’ म्हणजे डॅश हा शेल असतो आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांना हा पर्याय कळत नाही, त्यामुळे तिथे बॅशच वापरावा.

उत्तर २

वरील दुरुस्ती योग्यच आहे, पण ती लागू पडली हे पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाचणीच्या जागी तात्पुरती ३७ हा कोड देऊन संपणारी कमांड ठेवा आणि बाहेर ३७ च येतो का ते पाहा. १ वापरू नये, कारण कितीतरी निरनिराळ्या चुका १ देतात. बाहेरच्या स्क्रिप्टमध्येही कोड लगेच पुढच्या ओळीत चलात साठवा. मध्ये एखादा ‘एको’ आला तरी मूळ कोड पुसला जातो.

याहून फसवी चूक म्हणजे ‘ही कमांड नापास व्हायलाच हवी’ अशी चाचणी लिहून केवळ ‘० नाही’ एवढेच तपासणे. ‘डॉकर रन’ला दिलेला पर्याय चुकला तर १२५, कमांड चालवता आली नाही तर १२६ आणि ती सापडलीच नाही तर १२७ येतो, या तिन्ही वेळी तुमचा प्रोग्राम सुरूही झालेला नसतो आणि चाचणी मात्र उत्तीर्ण ठरते. अपेक्षित कोड नेमका लिहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. आधी ० येत होता, बॅश आणि पाइपफेलनंतर ३७ आला. चुकीची कॉन्फिगरेशन फाइल नाकारली जाते का हे पाहणारी आमची एक चाचणी प्रत्यक्षात १२७ वर उत्तीर्ण होत होती, कारण प्रोग्रामचा मार्ग बदलला होता. तिथे आता २ अपेक्षित धरला आहे. एका चाचणीत मधूनच १३७ येतो, तो कशाचा?

उत्तर १

१२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेस सिगकिलने (तत्काळ संपवणारा सिग्नल, क्रमांक ९) मारली गेली. ‘डॉकर स्टॉप’नंतर मुदतीत न थांबणाऱ्या कंटेनरचाही हाच कोड येतो. ‘आरएम’ पर्याय काढून पुन्हा चालवा, नाहीतर कंटेनर संपताच पुसला जाईल. मग ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएमकिल्ड’ (मेमरी कमी पडल्याने मारले गेले का) पाहा. ते ‘ट्रू’ असेल तर चाचणीत दोष शोधण्याआधी मेमरीची मर्यादा तपासावी.